पाद्र्यांच्या शाळा आणि त्यांचे राजकारणी शिष्य

एखाद्या जुन्या शाळेचा सुवर्णमहोत्सव किंवा शतसांवत्सरिक उत्सव आला म्हणजे एक स्मरणग्रंथ निघतो, आणि त्या ग्रंथाच्या शेवटीं माजी विद्यार्थ्यांची नामावळी छापलेली असते. तिचा क्रमही बहुधा ठरलेला. प्रथम मंत्री आणि राज्यपाल, मागून न्यायाधीश आणि सेनाधिकारी, त्यांच्या मागें वैद्य आणि कारखानदार, आणि जागा उरलीच तर एखादा कवि किंवा गवई. कॅथॉलिक पाद्र्यांनीं चालविलेल्या मुलांच्या शाळा या बाबतींत विशेष भाग्यवान् म्हटल्या पाहिजेत. गोवा, मुंबई, कराची यांपासून तों आयर्लंड आणि क्यूबापर्यंत राज्यकर्त्यांचा केवढा तरी मोठा वर्ग त्यांच्या बांकांवरून उठून गेलेला आहे. परंतु अशी नामावळी वाचतांना आम्हांस नेहमीं एक शंका येते. जो मनुष्य पुढें मंत्री झाला, तो त्या शाळेमुळें झाला, कीं त्या शाळेशीं भांडून झाला? नामावळी या प्रश्नाचें उत्तर देऊं शकत नाहीं. तें तिचें कामही नव्हे. तें काम चरित्रकाराचें व आत्मचरित्रकाराचें. त्यांनीं तें कितपत केलें आहे, आणि न केल्यामुळें आपलें काय नुकसान झालें आहे, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम या शाळांची कुळकथा. इग्नेशियस लोयोला यानें स्थापिलेल्या जेझुइट संघानें १५९९ सालीं आपल्या विद्यालयांसाठीं एक शिक्षणक्रम सिद्ध केला. शिकलेल्या पाठाची रोज उजळणी, वर्गाचे दोन तट पाडून एकानें रोमन आणि दुसऱ्यानें कार्थेजियन म्हणवून घ्यावें व परस्परांच्या चुका धरून द्याव्या अशी स्पर्धा, भर सभेंत वादविवाद, विद्यार्थ्यांकडून नाट्यप्रयोग, हीं त्या क्रमाचीं ठळक अंगें. याखेरीज दिवसभराच्या वर्तनाचा झाडा रात्रीं निजण्यापूर्वीं आपला आपणच घ्यावा, ही इग्नेशियसची स्वतःची शिस्त. चार शतकांत या पद्धतींत पुष्कळ फेरफार झाले, आपल्याकडे लॅटिनची जागा इंग्रजीनें घेतली, आणि सर्वच कॅथॉलिक शाळा कांहीं जेझुइटांच्या नव्हत. तथापि वळण थोडेंफार तेंच राहिलें. प्रतिपक्षाची चूक हेरणें, चार लोकांसमोर उभें राहून मुद्देसूद बोलणें, आणि वरिष्ठांची आज्ञा पाळीत असतांनाच मनांतल्या मनांत त्यांस तोलून पाहणें, या तीन गोष्टी ज्या मुलाच्या लहानपणींच अंगवळणी पडल्या, तो पुढें राजकारणांत शिरला तर त्यांत नवल कसलें?

गोमंतकास व महाराष्ट्रास हे गुरु परके नव्हेत. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला, साष्टी प्रांतांत रमला, आणि त्याचें मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं राशोल येथें छापून निघालें. मराठी भाषेविषयीं त्याला केवढें प्रेम होतें, हें मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. पुढें एकोणिसाव्या शतकांत मुंबईस सेंट मेरीज (१८६४) व सेंट झेवियर्स (१८६९), आणि पुण्यास सेंट व्हिन्सेंट्स (१८६७) या शाळा निघाल्या. त्यांत हिंदु, पारशी व मुसलमान मुलेंही पिढ्यान् पिढ्या शिकलीं. त्यांतील बहुतेकांनीं पाद्र्यांपासून इंग्रजी घेतलें, वक्तशीरपणा घेतला, खेळाचें मैदान घेतलें, आणि धर्म तेवढा आपल्या घरचाच ठेविला.

तरीही या शाळांविषयीं दोन टोकांचीं मतें आपल्याकडे रूढ आहेत. एक म्हणतें, तेथें मुलगा घातला कीं तो आपल्या मातीस पारखा होतो. दुसरें म्हणतें, तेथें मुलगा घातला कीं त्याच्या कपाळीं अधिकारपद लिहिलें गेलेंच. दोन्ही मतांचें मूळ एकच आहे. मूल म्हणजे मऊ मेण आणि शाळा म्हणजे ठसा, अशी दोघांचीही समजूत. ही समजूत किती पोकळ आहे हें दाखवावयास दोन उदाहरणें पुरेशीं आहेत.

कराचीचें सेंट पॅट्रिक्स हायस्कूल १८६१ चें, म्हणजे सिंध मुंबई इलाख्यांत असतांनाचें. १९२७ सालीं कराचींत जन्मलेले लालकृष्ण अडवाणी या शाळेंत शिकले. पुढें परवेझ मुशर्रफही तेथेंच शिकले. जुलै २००१ मध्यें आग्र्यास भारत व पाकिस्तान यांचीं बोलणीं झालीं, त्या वेळीं मुशर्रफ पाकिस्तानचे अध्यक्ष होते आणि अडवाणी भारताचे गृहमंत्री. बोलणीं फिसकटलीं. एकाच शाळेच्या नामावळींत दोघांचीं नांवें शेजारीं शेजारीं शोभतात. पण त्या शेजारावरून दोघांपैकीं एकाचेंही राजकारण उलगडत नाहीं. दुसरें उदाहरण गोव्याचें. लुईश द मेनेझिस ब्रागांझा (१८७८-१९३८) यांचें शिक्षण राशोलच्या धर्मविद्यालयांत व पणजीच्या लिसेवमध्यें झालें. या धर्मविद्यालयांतून बाहेर पडलेला हा गृहस्थ स्वतंत्र विचाराचा पत्रकार झाला, १९०० सालीं 'ओ हेराल्दो' हें पत्र काढण्यांत भागीदार झाला, आणि पोर्तुगीज वसाहतींवर नवा कायदा लादला गेला तेव्हां १९३० च्या जुलैंत गोव्याच्या कायदेमंडळांत उभें राहून त्यानें गोमंतकाचा स्वयंनिर्णयाचा हक्क मांडला. ठसा उमटला असेल तर तो उलटा उमटला असें म्हणावें लागेल.

मग शाळा मुलास खरोखर काय देते? या प्रश्नाचें सर्वांत प्रामाणिक उत्तर आम्हांस कोणा मुत्सद्द्याच्या आत्मचरित्रांत न सांपडतां एका कादंबरींत सांपडलें. जेम्स जॉइस याची 'ए पोर्ट्रेट ऑफ दि आर्टिस्ट ॲज ए यंग मॅन' ही कादंबरी १९१६ सालीं पुस्तकरूपानें निघाली. तिचा नायक आयर्लंडांतील जेझुइटांच्या वसतिशाळेंत शिकतो. नाताळाच्या सुटींत घरीं जेवणाच्या मेजाभोंवतीं वडील मंडळींचें पार्नेलवरून कडाक्याचें भांडण होतें. धर्मगुरूंनीं राष्ट्राच्या पुढाऱ्यास टाकिलें हें योग्य कीं अयोग्य, हा वाद. आणि तो लहान मुलगा घाबरून सर्वांच्या तोंडाकडे पाहत बसतो. पुढें शाळेंत त्याचा चष्मा फुटतो, तो लिहूं शकत नाहीं, आणि एक पाद्री त्यास कामचुकार ठरवून हातांवर छड्या मारतो. मुलगा विचार करतो, आणि लांबलचक ओसरींतून एकटा चालत जाऊन थेट मुख्य गुरूंच्या दारावर टकटक करतो. ते त्याचें म्हणणें ऐकून घेतात. बाहेर सोबती त्यास डोक्यावर घेतात. जॉइसची खरी कमाल यापुढें आहे. कांहीं काळानें त्या मुलाच्या कानीं येतें कीं त्या तक्रारीची हकीकत मुख्य गुरूंनीं जेवतांना सर्वांस सांगितली, आणि ते व तो छडीवाला पाद्री त्यावर खूप हंसले.

राजकारणाचें संपूर्ण प्राथमिक शिक्षण या एका प्रसंगांत आहे. अन्याय ओळखणें, वरच्या दाराशीं एकट्यानें जाणें, न्याय मिळाल्याचा आनंद, आणि तो न्याय वरच्या मंडळींस एक गंमत वाटली होती हें मागाहून कळणें. ज्या आत्मचरित्रांत असा एकही प्रसंग नाहीं, त्यांतील शाळेचें प्रकरण आम्ही चाळून पुढें जातों.

या कसोटीस उतरणारी हकीकत आपल्याकडे जॉर्ज फर्नांडिस यांची आहे. १९३० सालीं मंगळुरास जन्मलेल्या या मुलास घरच्यांनीं पाद्री करावयाचें ठरविलें, आणि तो बंगळुराच्या सेंट पीटर्स धर्मविद्यालयांत दाखल झाला. दोन-अडीच वर्षांनीं तो तेथून निघाला. निघण्याचें कारण त्यानें पुढें अनेकदां सांगितलें, आणि त्यांत धर्मशास्त्राचा गहन प्रश्न मुळींच नव्हता. तेथें गुरुजनांस शिष्यांहून चांगलें जेवण मिळे आणि त्यांचीं मेजेंही उंचावर असत. उपदेश मात्र समतेचा! पुन्हां जेवणाचेंच मेज. हा मुलगा १९४९ च्या सुमारास मुंबईस आला, टॅक्सीवाल्यांच्या व महापालिकेच्या कामगारांच्या संघटनांत शिरला, सफाईदार मराठी बोलूं लागला, १९६७ सालीं दक्षिण मुंबईंत त्यानें स. का. पाटील यांस पाडलें, आणि १९७४ सालीं देशभरचे रेल्वे-कामगार संपावर नेले. त्या संपाचें मूळ बंगळुराच्या भोजनगृहांत आहे असें म्हटलें तर अतिशयोक्ति होईल; परंतु त्या भोजनगृहावांचून तो मनुष्य समजत नाहीं, हें निश्चित. नामावळींत हें कसें लिहावें? पाद्री होण्यासाठीं येऊन पाद्री न होतां गेलेला, म्हणून सर्वांत यशस्वी विद्यार्थी, असें कोणती संस्था लिहील?

याच्या उलट अडवाणी यांचें आत्मचरित्र. २००८ सालीं निघालेला हा इंग्रजी ग्रंथ सुमारें हजार पृष्ठांचा आहे, आणि कराचीविषयीं त्यांत जिव्हाळाही आहे. पण पाद्र्यांच्या शाळेंत शिकलेला मुलगा १९४२ सालीं, वयाच्या चौदाव्या वर्षीं, संघाच्या शाखेंत जातो, ही गोष्ट जितकी विलक्षण आहे तितका तिचा विस्तार तेथें नाहीं. एकाच मुलाच्या मनांत या दोन शिस्ती कशा नांदल्या? एकीनें दुसरीस बळ दिलें, कीं त्यांची आंत कोठें झटापट झाली? पक्ष, यात्रा आणि मंत्रिपदें यांचा वृत्तान्त इतर साधनांतूनही मिळतो. या प्रश्नाचें उत्तर मात्र एकट्या लेखकापाशीं होतें. तें थोडक्यांत आटोपलें, ही त्या ग्रंथाची मोठी उणीव आम्ही समजतों.

आतां आपल्या अगदीं जवळचें उदाहरण घेऊं. मनोहर पर्रीकर यांचा जन्म १९५५ सालीं म्हापशाचा. मडगांवच्या लोयोला हायस्कुलांत ते शिकले. शाळेचें नांवच इग्नेशियस लोयोलाचें. तरुणपणींच ते संघाचे स्वयंसेवक झाले, आणि शालेय जीवनाच्या अखेरच्या वर्षांत शाखेचे मुख्य शिक्षकही झाले. १९७८ सालीं मुंबईच्या आय. आय. टी. मधून धातुशास्त्राची पदवी, १९९४ सालीं आमदारकी, २००० सालीं मुख्यमंत्रिपद, २०१४ सालीं देशाचें संरक्षणमंत्रिपद. हेंच संरक्षणमंत्रिपद पूर्वीं फर्नांडिस यांनींही भूषविलें होतें. आणि योगायोग असा कीं फर्नांडिस २९ जानेवारी २०१९ रोजीं वारले व पर्रीकर त्याच वर्षीं १७ मार्चला. एक धर्मविद्यालय सोडून आलेला ख्रिस्ती समाजवादी, दुसरा जेझुइटांच्या शाळेंतून निघालेला हिंदु स्वयंसेवक. तुलनात्मक चरित्रास याहून सरस जोडी मराठी लेखकास कोठें मिळणार? पण पर्रीकरांवरील लेखनांत लोयोला हायस्कूल बहुधा एका ओळींत येऊन जातें.

ती एक ओळ अपुरी आहे, कारण पुढें या मनुष्यास आपल्या दोन गुरुकुलांच्या मध्यें उभें राहण्याची पाळी आली. गोव्यांत १९९० पासून प्राथमिक शाळेस सरकारी अनुदान हवें तर माध्यम प्रादेशिक भाषेचें पाहिजे, असा दंडक होता; आणि चर्चच्या शाळांनीं तेव्हां कोंकणी माध्यम पत्करिलें होतें. २०११ सालीं दिगंबर कामत यांच्या काँग्रेस सरकारनें इंग्रजी प्राथमिक शाळांसही अनुदानाचें दार उघडलें. त्यावर शशिकला काकोडकर, सुभाष वेलिंगकर प्रभृति मंडळींनीं भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या द्वारें मराठी व कोंकणी यांच्या बाजूनें मोठी चळवळ केली, आणि पर्रीकर व त्यांचा पक्ष त्या चळवळीच्या पाठीशीं उभे राहिले. मार्च २०१२ मध्यें पर्रीकर बहुमतानें मुख्यमंत्री झाले. सत्तेवर येतांच त्यांनीं मराठी-कोंकणी शाळांस उत्तेजन देण्याच्या योजना जाहीर केल्या, पण चर्चच्या इंग्रजी शाळांचें अनुदान चालूच ठेविलें. वेलिंगकर म्हणजे संघकार्यांतील त्यांचे ज्येष्ठ. त्यांनीं हा वचनभंग मानिला. वाद चिघळत गेला, आणि ऑगस्ट २०१६ मध्यें वेलिंगकरांस गोव्याच्या संघचालकपदावरून दूर करण्यांत आलें. त्यांनीं नवा पक्ष काढला. २०१७ च्या निवडणुकींत त्या पक्षास एकही जागा मिळाली नाहीं, आणि पर्रीकर दिल्लीहून परत येऊन पुन्हां मुख्यमंत्री झाले.

या निर्णयास कोणी लोयोलाच्या गुरुदक्षिणेचें नांव देतील, कोणी निवडणुकीच्या हिशेबाचें. पहिलें नांव भाबडें आहे आणि दुसरें आळशी. त्या पक्षाच्या तिकिटावर कॅथॉलिक आमदारही निवडून आले होते आणि त्यांच्या मतदारांस आपल्या मुलांसाठीं इंग्रजी हवें होतें, हें खरेंच. आईबापांची ती इच्छा तुच्छ लेखण्याचा अधिकार आम्हां इंग्रजी पदवीधरांस तर मुळींच नाहीं. परंतु तो हिशेब मांडणारा मनुष्य त्या शाळेच्या आंत बसून आलेला होता. पाद्र्यांच्या हातची शाळा म्हणजे काय हें त्याला कोणी सांगावयास नको होतें. आणि ज्यांनीं ती शाळा केवळ बाहेरून पाहिली होती त्यांस जी भीति वाटत होती, ती त्याला वाटणें कठीण होतें. निर्णय बरा होता कीं वाईट, यावर मतभेद राहील. पण चरित्रकारानें या ठिकाणीं थांबून त्या मुलाच्या वर्गांत शिरावयास पाहिजे होतें. तो शिरला नाहीं, म्हणून आपल्या हातीं फक्त बातमी उरली.

सत्ता हातीं आल्यावर शिष्यानें आपल्या शाळेचें काय केलें, ही कसोटी इतरत्रही लावून पाहण्यासारखी आहे. आयर्लंडचे डी व्हॅलेरा डब्लिनजवळच्या ब्लॅकरॉक या कॅथॉलिक विद्यालयांत शिकले. १९३७ च्या राज्यघटनेंत त्यांनीं कॅथॉलिक चर्चला विशेष स्थान दिलें, आणि तें कलम काढून टाकण्याचा कौल जनतेनें १९७२ सालीं दिला. क्यूबाचे फिडेल कॅस्ट्रो यांनीं १९४५ सालीं हवानाच्या बेलेन या जेझुइट विद्यालयांतलें शिक्षण पुरें केलें. १९६१ सालीं त्यांच्याच सरकारनें सर्व खासगी शाळा सरकारजमा केल्या, त्यांत बेलेनही गेलें. आणि याच कॅस्ट्रोंनीं १९८५ सालीं फ्रेइ बेत्तो या ब्राझीलच्या धर्मबंधूशीं झालेल्या दीर्घ संभाषणांत आपल्या जेझुइट गुरूंच्या शिस्तीची व चारित्र्याची मोकळेपणीं प्रशंसा केली. एकानें गुरूंस राज्यांत मानाचें आसन दिलें, दुसऱ्यानें गुरूंची शाळा घेऊन गुरूंची स्तुति केली, तिसऱ्यानें स्वतःच्या माणसांचा रोष पत्करून शाळांचें अनुदान राखलें. तिघांपैकीं कृतज्ञ कोण, या प्रश्नांत आम्हांस फारसें स्वारस्य नाहीं. आमच्या मतें विचारावयाचा प्रश्न निराळा आहे: ज्या मुलास त्या शाळेच्या फाटकांतून आंत येतां आलें नाहीं, त्याच्यासाठीं या शिष्यांनीं काय केलें? गोव्यांत मराठी शाळेच्या बांकावर बसलेलें मूल, हाच त्या साऱ्या वादाचा खरा पक्षकार होता. आणि दोन्ही बाजूंच्या भाषणांत त्याचें नांव घेतलें गेलें, तरी त्याची बाजू मांडावयास तें स्वतः कोठेंच नव्हतें.

हें सारें मराठवाड्याच्या वाचकास दूरचें वाटेल. निजामी राजवटींत आमच्या वाडवडिलांस उर्दूंतून शिकावें लागलें. पाद्र्यांच्या शाळा हैदराबादेस होत्या, आमच्या खेड्यांत नव्हत्या. आमच्या पुढाऱ्यांच्या शाळा म्हणजे हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईची योगेश्वरी. दोन्हीकडे स्वामी रामानंद तीर्थांनीं शिकविलें, आणि निजामाविरुद्धच्या लढ्याचे कार्यकर्ते तेथून निघाले. त्याच योगेश्वरींत पुढें प्रमोद महाजन शिकले, आणि ते काँग्रेसच्या विरोधी पक्षाचे अग्रणी झाले. म्हणजे राशोलची गोष्ट तीच अंबाजोगाईची. शाळा पाद्र्याची असो वा संन्याशाची, ती शिष्याचा पक्ष ठरवीत नाहीं. बोलण्याचें बळ देते, आणि त्या बळाचा पहिला प्रयोग पुष्कळदां तिच्यावरच होतो. जी शाळा हें सोसते तीच खरी शाळा.

आणि म्हणूनच आम्हांस थोडी चिंता वाटते. आमच्या लातुरांत नामावळीची हौस कांहीं कमी नाहीं. परीक्षांचे निकाल लागले कीं रस्तोरस्तीं फलक झळकतात. मुलांचीं छायाचित्रें, खालीं गुण. 'लातूर पॅटर्न'चा लौकिक महाराष्ट्रभर आहे, त्यानें गरिबांच्या घरांत वैद्य आणि अभियंते निर्माण केले, आणि त्याचा अभिमान आम्हांसही आहे. पण तीस वर्षें वर्गांत उभें राहिल्यावर एक गोष्ट ध्यानांत येते. मागच्या बांकावरून उठून, "सर, हें तुमचें चुकतें आहे," असें म्हणणारा मुलगा दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालला आहे. गेल्या वर्षीं जॉइसचा तो प्रसंग शिकवून झाल्यावर आम्हीं वर्गास विचारिलें, तुमच्यांपैकीं कोणी मुख्याध्यापकांच्या दाराशीं तक्रार घेऊन गेला होता काय? बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग चाकूरकडच्या एका मुलीनें हात वर केला. आठवींत असतांना शाळेंत पिण्याचें पाणी नव्हतें म्हणून ती गेली होती. काय झालें, असें विचारतां ती म्हणाली, "कांहीं नाहीं सर. ते हंसले. मग दुसऱ्या दिवशीं मी अजून चौघींना घेऊन गेले."

तिचें छायाचित्र कोणत्याही फलकावर नाहीं. पुढें ती कोण होईल हें आम्हांस सांगतां येत नाहीं. परंतु कधीं काळीं तिनें आत्मचरित्र लिहिलेंच, तर त्यांत हा पाण्याचा प्रसंग गाळूं नये, एवढें आम्हीं तिला त्याच दिवशीं सांगून ठेविलें आहे.